लोणार आणि पायी चालून मिळालेले गद्य

१/ लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या गाभाऱ्यात लवणासुराला पायाखाली घेतलेला विष्णू उभा आहे. कथा अशी: हा असुर जमिनीखालच्या विवरात दडून राही. विष्णूने वरचे झाकण उडवून त्याचा वध केला. झाकण दूर दातेफळजवळ पडले आणि तेथे टेकडी झाली. विवर रक्ताने भरले, मांसाचे क्षार झाले.

२/ सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे जवळजवळ गोल विवर, तळाशी खारे पाणी, काठावर पांढरा थर. डोळ्यांना दिसणारी एकही गोष्ट कथाकाराने वाया जाऊ दिलेली नाही. हे विवर आघातातून झाल्याचा भक्कम पुरावा ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला तो १९७३ साली. तोवर या खड्ड्याचे स्पष्टीकरण लोकांनी पाहून-पाहूनच रचले होते. (जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सरोवराचे पाणी गुलाबी झाले. हे यादवकाळात घडते, तर रक्ताच्या कथेला आणखी एक अध्याय नक्की जोडला गेला असता.)

३/ याच लोणारला तेराव्या शतकात चक्रधरस्वामी आले. देवगिरीचा यादव राजा कान्हरदेव त्यांना येथे भेटल्याचा प्रसंग ‘लीळाचरित्रा’त आहे. राजाची भेट म्हटल्यावर दुसऱ्या एखाद्या ग्रंथाने तिच्याभोवती सर्गच्या सर्ग उभे केले असते. येथे ती अनेक लीळांपैकी एक लीळा आहे. तिच्या मागेपुढे जेवणे आहेत, आजारपणे आहेत, रुसवेफुगवे आहेत, वाटेवरची माणसे आहेत. मराठी गद्याचा आरंभ अशा ऐवजातून झाला, ही गोष्ट पुरेशा आश्चर्याने सांगितली जात नाही.

४/ हा ऐवज गोळा करणारे म्हाइंभट मूळचे सराळ्याचे, शास्त्र शिकलेले, वादविवादात रमणारे पंडित. अशा माणसाने संस्कृतात टीका लिहावी, हीच त्या काळची रीत. पण पंथाचे आचार्य नागदेव मराठीबद्दल आग्रही होते. संस्कृतात लिहिले तर साध्याभोळ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे परंपरेने जपले आहे.

५/ स्वामी निघून गेल्यावर नागदेवाचार्य ऋद्धपूरला (आजचा अमरावती जिल्हा) त्यांच्या आठवणींत गढलेले असत. त्या आठवणी सांगाव्यात, आपण लिहून घेऊ, असे म्हाइंभटांनी सुचवले. काळ इ.स. १२७८च्या सुमाराचा मानला जातो. परंतु प्रत्येक प्रसंगी नागदेवाचार्य हजर नव्हते. मग जो हजर होता त्याच्याकडे जायचे, त्याला विचारायचे, पुन्हा पडताळायचे. लेखकाला काय सुचते, यापेक्षा त्याला कोण काय सांगते यावर हा ग्रंथ उभा राहिला. म्हाइंभटांची प्रतिभा दिसते ती त्यांनी काय सजवले नाही यात.

६/ त्याच गोष्टींतून आणखी एक ग्रंथ निघाला. स्वामींनी निरूपणात दिलेले घरगुती, गावगाड्यातले दाखले केसोबासांनी वेगळे काढले. ११४ दृष्टान्तांचा ‘दृष्टान्तपाठ’ तो हाच.

७/ आणि मग मूळ पोथी गेली. खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत पंथाची माणसे पांगली, त्यांत म्हाइंभटांची प्रत हरवली. इतक्या पायपिटीने जमवलेले सारे पुन्हा माणसांच्या स्मरणात जाऊन बसले. ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांच्याकडून ग्रंथ नव्याने उभा करावा लागला. त्यांत हिराइसा या स्त्रीचा पाठ विशेष मान पावला. स्मरणे जुळत नव्हती. तेव्हा संकलकांनी वेगळा वृत्तान्त पुसून टाकला नाही. तो अमुकाचा ‘शोध’ म्हणून नावासह नोंदवून ठेवला. आजच्या संपादकालाही हेवा वाटावा असा हा प्रामाणिकपणा आहे.

८/ पुढे पंथीयांनी जागांचीही नोंद केली. ‘स्थानपोथी’ हा त्यासाठीचा ग्रंथ, आणि लोणार त्यात आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला काय आहे, स्वामी नेमके कोठे बसले. विशेषणे जवळजवळ नाहीतच. वाचायला रूक्ष वाटते खरे. पण त्यातली कितीतरी देवळे आज पडली किंवा बदलली आहेत, आणि मंदिरांचे अभ्यासक त्यांचा मागोवा घेताना याच रूक्ष ओळींकडे वळतात.

९/ हे साहित्य कित्येक शतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांच्या आड राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली. १९३०च्या दशकात ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ छापायला घेतले. १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने त्याची मोठी संपादित आवृत्ती काढली, तेव्हा संपादक होते वि. भि. कोलते. जन्म १९०८, गाव नरवेल, तालुका मलकापूर. जिल्हा तोच, लोणारचा.