पिठाचं पोतं आणि मतपेटी

झांबियाचा राजकीय इतिहास एका वस्तूभोवती लिहायचा झाला, तर ती वस्तू म्हणजे मक्याच्या पिठाचं 25 किलोचं पोतं. गंमत करत नाहीये. या पोत्याच्या किमतीवरून तिथे दंगली झाल्या, माणसं मेली, लष्करातला एक लेफ्टनंट रेडिओ स्टेशनात घुसला आणि शेवटी 27 वर्षं सत्तेत असलेले राष्ट्राध्यक्ष घरी गेले.

आधी थोडी पार्श्वभूमी. झांबियात रोजचं जेवण म्हणजे न्शिमा. मक्याचं पांढरं पीठ उकळत्या पाण्यात घालून घोटायचं, आपल्या उकडीपेक्षा बराच घट्ट गोळा होतो. तो हाताने मोडून भाजी, मासळी, शेंगा जे असेल त्याबरोबर खायचा. न्शिमा पोटात गेली नाही तर झांबियन माणूस जेवलो असं म्हणत नाही. म्हणजे पीठ महागलं की सगळंच महागलं.

हा देश 24 ऑक्टोबर 1964 ला स्वतंत्र झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा, तेव्हा वय वर्षं 40. पेशाने शिक्षक, गांधीजींचे चाहते, हातात कायम पांढरा रुमाल. माणूस भावनाप्रधान, चारचौघांत डोळ्यात पाणी यायचं. देशाची सुरुवातही तशी बरी होती. उत्तरेच्या 'कॉपरबेल्ट' पट्ट्यात जगातल्या मोठ्या तांब्याच्या खाणी होत्या आणि निर्यातीतली 90 टक्क्यांहून जास्त कमाई एकट्या तांब्यातून यायची. दुसरी बाजू अशी की, देशात पदवीधर झांबियन होते जेमतेम शंभरेक! तांब्याच्या पैशातून कौंडांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, विद्यापीठ उभं केलं. शहरात आलेल्या कामगारांना पीठ स्वस्तात मिळावं म्हणून सबसिडी सुरू झाली. हा एक न लिहिलेला करारच होता: तुम्ही खाणी चालवा, आम्ही पीठ स्वस्त ठेवतो.

1968-69 मध्ये सरकारने मोठ्या कंपन्यांमध्ये आणि मग खाणींमध्ये 51 टक्के हिस्सा घेतला. मक्याची खरेदी सरकारी मंडळाकडे गेली. भाव सरकार ठरवणार, नोकरी सरकार देणार. 1972 च्या डिसेंबरात विरोधी पक्षांवरच बंदी आली आणि कौंडांचा 'युनिप' हा एकमेव कायदेशीर पक्ष उरला.

आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. सगळ्या वायरी एकाच डब्यात. एका पिकावर, एका धातूवर, एका पक्षावर आणि एका माणसावर अख्खा देश. जोवर चालतंय तोवर रचना अगदी सुटसुटीत दिसते. पण अशा रचनेत काहीही बिघडलं तरी बोट एकाच दिशेला जातं.

आणि बिघडायला फार वेळ लागला नाही. 1973 मध्ये तेल भडकलं. त्याच वर्षी ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारने सीमा बंद केली. समुद्र नसलेल्या देशाचा बंदराकडे जाणारा नेहमीचा रस्ताच गेला. (पुढे चीनने टांझानियापर्यंत 1,860 किलोमीटरचा 'ताझारा' रेल्वेमार्ग बांधून दिला, पण तो 1975 मध्ये पूर्ण झाला.) 1974 मध्ये तांब्याचे भाव शिखरावर गेले आणि वर्षभरात निम्म्याहून खाली कोसळले. सरकारला वाटलं, हा खड्डा तात्पुरता आहे, कर्ज काढून पार करू. भाव काही वर चढेनात. 1980 चं दशक उजाडेपर्यंत कर्जावर कर्ज चढलं होतं.

कर्ज देणाऱ्यांनी, म्हणजे नाणेनिधी आणि जागतिक बँकेने, अटी घातल्या. क्वाचाची किंमत बाजाराला ठरवू द्या, सबसिडी कापा. 1985 च्या ऑक्टोबरपासून परकी चलनाचा दर आठवड्याला लिलाव होऊ लागला. डॉलरला सुमारे 2 क्वाचा असलेला दर सव्वा-दीड वर्षात 15 च्या आसपास गेला. पगार तेवढाच, वस्तू कितीतरी पट महाग.

आता डिसेंबर 1986. इथे जे झालं ते प्रत्येक इंजिनिअरने वाचावं असं आहे.

पीठ दोन प्रकारचं मिळायचं. 'ब्रेकफास्ट मील' म्हणजे बारीक, पांढरंशुभ्र. 'रोलर मील' म्हणजे जाडंभरडं, गरिबाघरचं. सरकारने ठरवलं की बारीक पिठाची सबसिडी काढायची आणि जाड्या पिठाची चालू ठेवायची. कागदावर एकदम बरोबर! ज्याला परवडतं तो जास्त देईल, गरिबाला झळ नाही. पण सबसिडीचे पैसे गिरणीवाल्यांना सरकारकडून नंतर मिळणार होते. आणि गिरणीवाल्यांचा सरकारच्या 'नंतर'वर भरवसा नव्हता. त्यांनी जाडं पीठ दळणंच थांबवलं. दुकानातून रोलर मील गायब, आणि उरलेल्या ब्रेकफास्ट मीलचा भाव एका फटक्यात दुपटीच्या वर.

कॉपरबेल्टमध्ये लोक रस्त्यावर आले. किटवे, एन्डोला इथली दुकानं फुटली, सरकारी कचेऱ्यांना आगी लागल्या. 15 जण मेले. कौंडांनी घाईघाईने भाववाढ मागे घेतली आणि गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. म्हणजे आणखी एक वायर त्याच डब्यात! 1 मे 1987 ला त्यांनी नाणेनिधीशी काडीमोड जाहीर केला. निर्यातीच्या निव्वळ कमाईच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसा कर्जफेडीला देणार नाही, स्वतःच्या बळावर वाढू, असं ठरलं. ऐकायला बाणेदार होतं. पण नवं कर्ज देणारेही आटले आणि दोन-अडीच वर्षांत पुन्हा त्याच दारात जावं लागलं. 1989 मध्ये शहरातल्या कुटुंबांसाठी पिठाची कुपनं आली. आपल्याकडे रेशनच्या रांगा पाहिलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

मग आला जून 1990. पिठाचा भाव पुन्हा एकदा दुपटीहून जास्त वाढवला. या वेळी राजधानी लुसाका पेटली. विद्यापीठाचे विद्यार्थी उतरले, मग वस्त्यांमधले लोक उतरले. वीसहून जास्त माणसं मेली. पण 1986 आणि 1990 मध्ये एक मोठा फरक होता. 1986 मध्ये मागणी होती, भाव खाली आणा. 1990 मध्ये लोक म्हणत होते, सरकारच बदला. मधल्या काळात पूर्व युरोपातली एकपक्षीय सरकारं पत्त्यांसारखी कोसळली होती. युनिपची घोषणाबाजी ऐकून कंटाळलेल्या लोकांनी ते नीट पाहिलं होतं.

30 जूनच्या पहाटे लेफ्टनंट म्वांबा लुचेंबे नावाच्या अधिकाऱ्याने रेडिओ स्टेशन ताब्यात घेतलं आणि लष्कराने सत्ता घेतल्याचं जाहीर करून टाकलं. त्याच्यामागे लष्कर वगैरे काही नव्हतं, काही तासांत त्याला पकडलं. कौंडांना खरा धक्का बसला असेल तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या काही तासांत लुसाकाच्या रस्त्यांवर लोक नाचत होते. बंड फसलं, पण देशाला काय वाटतं ते सगळ्यांना एकाच वेळी कळलं. 'आपण एकटेच चिडलेलो नाही' हे कळणं ही राजकारणात फार मोठी गोष्ट असते.

त्यानंतर तीनच आठवड्यांत, जुलै 1990 मध्ये, कामगार पुढारी, वकील, व्यापारी, युनिपमधले नाराज असे सगळे एकत्र आले आणि 'एमएमडी' ही बहुपक्षीय लोकशाहीची चळवळ उभी राहिली. तिचा चेहरा होता फ्रेडरिक चिलुबा, कामगार महासंघाचा अध्यक्ष, उंचीने अगदी लहान, भाषणात तोफ. 1981 मध्ये कौंडांनी त्याला तुरुंगात टाकलं होतं, कोर्टाने सोडवलं होतं. खाण कामगारांच्या संघटना ही कौंडांच्या डब्याबाहेर राहिलेली एकमेव मोठी वायर, आणि शेवटी तीच कामी आली.

कौंडांचं श्रेय असं की ते अडून बसले नाहीत. 1990 च्या डिसेंबरात त्यांनी एकपक्षीय कलम काढणाऱ्या दुरुस्तीवर सही केली. 31 ऑक्टोबर 1991 ला निवडणूक झाली. चिलुबा सुमारे 76 टक्के, कौंडा 24. संसदेच्या 150 जागांपैकी 125 एमएमडीला. कौंडांनी टीव्हीवर येऊन पराभव मान्य केला आणि खुर्ची सोडली. त्या काळात आफ्रिकेत पदावरचा राष्ट्राध्यक्ष मतपेटीतून हरणं आणि शांतपणे जाणं जवळपास ऐकिवात नव्हतं.

इथे सिनेमा असता तर संपला असता. पण मला खरी मजा वाटते ती पुढच्या भागात.

चिलुबा सरकारने आल्याबरोबर काय केलं? पिठाची सबसिडी कापायला घेतली! जे करताना कौंडांना दोनदा दंगली झेलाव्या लागल्या, नेमकं तेच. वर 1992 मध्ये आफ्रिकेच्या सगळ्या दक्षिण भागात भीषण दुष्काळ पडला. 1993 मध्ये महागाईचा दर 180 टक्क्यांच्या पुढे होता. सरकारी कंपन्या विकल्या गेल्या, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. तरीही 1986 किंवा 1990 सारखा भडका उडाला नाही.

का? लोक एकाएकी श्रीमंत झाले नव्हते, उलट हाल वाढलेच होते. काही अंशी आधीच्या सरकारने घर रिकामं करून ठेवलंय हे लोकांना पटलेलं होतं. पण मला वाटतं मुख्य कारण सोपं आहे. हे सरकार त्यांनी स्वतः निवडलं होतं, आणि पाच वर्षांनी काढता येईल हे त्यांना माहीत होतं. कौंडांच्या काळात 'नाही' म्हणायला दुसरी जागाच नव्हती. मतपत्रिकेवर एकच नाव असेल, तर माणूस दुकान फोडूनच मत देणार ना!

याचा अर्थ पुढे सगळं गोड झालं असा अजिबात नाही. चिलुबांनी 1996 मध्ये घटना अशी बदलली की ज्यांचे आईवडील मलावीतून आलेले त्या कौंडांना निवडणूकच लढवता येऊ नये. 1997 च्या नाताळात 73 वर्षांच्या कौंडांना अटकही झाली. पण 2001 मध्ये चिलुबांना तिसऱ्यांदा उभं राहायची इच्छा झाली, तेव्हा वकील, चर्च आणि महिला संघटना एकत्र आल्या. लोकांनी हिरव्या फिती लावल्या, शुक्रवारी संध्याकाळी गाड्यांचे हॉर्न वाजवले. चिलुबांनी माघार घेतली. दुकान एकही न जाळता!

मग 2011. मायकेल साटांच्या पक्षाची घोषणा होती 'डोंची कुबेबा', म्हणजे 'त्यांना सांगू नका'. सत्ताधारी साखर वाटतील, कापड वाटतील, खुशाल घ्या, मत मात्र आपल्यालाच द्या, आणि हे त्यांना सांगू नका. एमएमडी 20 वर्षांनी पायउतार झाली. मग 2020 च्या नोव्हेंबरात देशाने परदेशी रोख्यांचं व्याज थकवलं, महागाई 20 टक्क्यांच्या पुढे गेली, आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये साटांच्याच पक्षाच्या एडगर लुंगूंना लोकांनी घरी पाठवलं. मतदान सुमारे 70 टक्के. निवडून आले हाकाइंदे हिचिलेमा, सहाव्या प्रयत्नात. कौंडा हे बघायला नव्हते. त्याच वर्षी 17 जूनला, 97 व्या वर्षी ते गेले.

हिशोब मांडला तर तीनदा सरकार बदलूनही पीठ स्वस्त झालं नाही. तांब्याचा भाव पडला की आजही झांबियाला घाम फुटतो. मतपेटीतून पोतं निघत नाही, हे तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी ते रांगेत उभे राहतात, कारण त्यांनी दुसरी पद्धतही वापरून पाहिली आहे आणि तिची किंमत मोजली आहे, कॉपरबेल्टमध्ये 15 आणि लुसाकात वीसहून जास्त जीव.

आपल्या टीव्हीवर कुठल्यातरी आफ्रिकन देशातल्या 'महागाईवरून दंगल'ची दहा सेकंदांची क्लिप येते तेव्हा आपण म्हणतो, बिचारे, पोटासाठी भांडतायत. पोटासाठी तर भांडतातच. पण पुढच्या वेळी अशी बातमी दिसली तर भावाच्या आकड्याबरोबर एक गोष्ट जरूर शोधा: त्या देशात सरकारला 'नाही' म्हणायची दुसरी कुठली जागा उरली आहे का? पुढे काय होणार याचा अंदाज पिठाच्या भावापेक्षा त्यावरून जास्त बांधता येतो.