टाकीतलं तेल आणि कागदावरचं तेल

मंडळी, १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली. आता पुढची मागणी विमानतळाची. मागणी रास्तच आहे. पण आपल्याकडं विमानतळ म्हटलं की चर्चा जमीन, धावपट्टी आणि उद्घाटनाला कोण येणार इथंच संपते. मी आज थोडं पंखाखालचं सांगतो. उडण्याआधी विमानाचं तेल कसं तपासतात, आणि ती तपासणी चुकली की काय होतं, त्याचा हा इतिहास.

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला निघाले. वाटेत अहमदाबादला त्यांच्या पुस मॉथ विमानात तेल भरलं ते बर्मा शेलच्या चार-चार गॅलनच्या डब्यांतून, आणि डबे आले होते बैलगाडीतून! त्या काळी वैमानिक पेट्रोल मऊ कातड्यातून गाळून घेत. डब्यात पाणी, गंज काहीही निघायचं.

आज नांदेड, कोल्हापूरसारख्या शहरांतूनही एम्ब्रेअरची छोटी जेट उडाली आहेत. तेल बदललं, काळजी तीच. जेट ए-१ म्हणजे रॉकेलाचंच सख्खं भावंड. त्याचा नमुना बरणीत घेऊन उजेडात बघतात. पाणी असलं की रंग बदलणारी कॅप्सूल लावतात. टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी खालच्या झडपेतून काढून टाकतात. आपला ट्रॅक्टरवालाही डिझेल फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून पाणी सोडतोच की. फरक एवढाच, की वर बाहेर उणे ५० अंश थंडी असते. पाण्याचा बर्फ होऊन वाट अडली तर गाडी बाजूला घ्यायला तिथं रस्ता नसतो.

दुसरी तपासणी तेल किती आहे याची. टँकर लिटरमध्ये मोजतो, विमानाचा हिशेब किलोत चालतो. इथंच २३ जुलै १९८३ ला कॅनडात घोळ झाला. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चे तेलाचे काटे बंद होते. म्हणून पंखाखालच्या पट्टीनं माप घेतलं. माप बरोबर होतं: ७,६८२ लिटर. पण लिटरचे किलो करताना ०.८ च्या ऐवजी १.७७ नं गुणलं. तो आकडा पौंडांचा! हवं होतं २२,३०० किलो, विमानात होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी. ओटावाला पुन्हा मोजलं, पुन्हा त्याच आकड्यानं गुणलं. ४१ हजार फुटांवर तेल संपत आलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकानं विमान तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. ६९ जण वाचले.

लक्षात घ्या, तपासणी झाली नव्हती असं नाही. दोनदा झाली. मोजणी बरोबर, कागद पूर्ण. फक्त "हा १.७७ कुठून आला?" हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

आपल्या देशातही १५ नोव्हेंबर १९९३ ला इंडियन एअरलाइन्सचं मद्रास–हैदराबाद विमान तिरुपतीजवळ भाताच्या शेतात उतरवावं लागलं. हैदराबादला नीट दिसत नव्हतं म्हणून विमान परत वर घेतलं, तर पंखांचे फ्लॅप अडकले. मद्रासकडं परतताना हवेचा अडथळा वाढला, तेल भराभर जळालं आणि संपलं. २६२ जण होते, सगळे वाचले. म्हणून राखीव तेलाचा हिशेब कागदावर जुळला तरी वर गेल्यावर तो सारखा तपासावा लागतो.

आता आपल्या मुद्द्यावर येतो. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि तेव्हाचं उस्मानाबाद हे पाच विमानतळ रिलायन्सच्या कंपनीकडं भाडेपट्ट्यानं दिले गेले. आज त्यातल्या किती ठिकाणांहून रोज विमान उडतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. धावपट्टी असणं म्हणजे विमानसेवा असणं नव्हे.

म्हणून उद्या बीडच्या विमानतळाची सभा होईल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा, पण चार प्रश्नही विचारा. तेलाचा साठा कुठं असेल? तपासणारा इंजिनिअर कायम असेल का? सही करणारा स्वतः पंखाखाली जाईल का? आणि त्याला घाई करणाऱ्या साहेबाला "थांबा" म्हणायची त्याला मुभा असेल का?

कागदावरच्या तेलावर विमान उडत नाही. आणि कागदावरच्या कामांचा अनुभव आपल्या जिल्ह्याला काही कमी नाही.