बाळंतिणीला दूध कमी? हेर्त्सोगेनआउराखमधल्या नव्या आयांसाठी

भारतातून आलेल्या आजीची पहिली शंका हीच: दूध पुरतंय ना? पहिले दोन-तीन दिवस चीक थोडाच येतो, पण तो पुरतो. नंतरचा हिशोब लंगोट सांगतात. पाचव्या दिवसापासून रोज निदान 6 ओले असावेत आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवेळचे वजन भरून यावे. स्तन जितके रिकामे होतात तितके दूध बनते, म्हणून 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजावे, रात्रीसुद्धा.

इथे खरा आधार हेबामेचा, म्हणजे घरी येणाऱ्या सुईणीचा. पहिले 10 दिवस ती रोज येऊ शकते, पुढे 12 आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे, आणि पाजण्याच्या अडचणींसाठी त्यानंतरही. खर्च क्रांकेनकासे देते. मात्र ती गरोदरपणातच शोधून ठेवा, असे आम्ही आवर्जून सांगतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपोठेकेतून दूध काढायचा पंप भाड्याने मिळतो.

अळिवाची खीर, मेथीचे लाडू खुशाल खा. दूध वाढण्याचा पुरावा मात्र कच्चाच आहे. बाळाला पाणी किंवा मध नको (आजींची माफी मागून!). वरचे दूध लागलेच तर डब्यावर 'प्रे' लिहिलेले घ्या.

बाळ सुस्त असेल, लघवी कमी होत असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा; दवाखाना बंद असल्यास 116117.