ओझे आणि पाठराखण

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना शिकारीच्या मांसाची गोष्ट काढणे काही वाचकांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. गेल्या दिवाळीत आमच्या घरी ती निघाली, तेव्हा माझ्या पत्नीनेही करंजीवरचे कातणे तसेच थांबवून माझ्याकडे पाहिले होते. परंतु प्रसंगच तसा घडला. अमेरिकेत अलास्का येथे तीन वर्षे नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याचा फोन आला. पुढच्या मोसमात तेथील मित्रांबरोबर मूसच्या शिकारीस जाण्याचा त्याचा बेत ठरत होता.

"मामा, बंदूक मित्राची मिळेल, पण मांस वाहायला पाठीवरची सॅक स्वतःचीच लागते. चांगल्या सॅकची किंमत ऐकून धडकी भरते. स्वस्तातली घेतली तर चालेल का?"

आता मामा पडला शाळामास्तर. बंदुकीला मी उभ्या जन्मात हात लावलेला नाही. पण प्रश्न मनात घर करून बसला आणि सुटीच्या दिवसांत मी या ओझ्याचा इतिहास धुंडाळू लागलो.

मूस हा हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी. अलास्कातील वन्यजीव खात्याच्या हिशेबाने १६०० पौंडांच्या नरापासून सुमारे ५०० पौंड, म्हणजे जवळजवळ २२७ किलो, मांस निघते. शिवाय खाण्याजोगे मांस रानात टाकून नुसती शिंगे मिरवीत आणणे हा तेथे गुन्हा आहे. म्हणजे एका खेपेस ३० किलो उचलले तर आठ खेपा आल्या. वाट तीन किलोमीटरांची असली, तर ओझ्यासह चोवीस किलोमीटर आणि मध्ये रिकाम्या पाठीने एकवीस! शिकारकथांत गोळी सुटण्याचा क्षण रंगवून सांगतात. आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांतही सावज मारणाऱ्याचे नाव असते. बांबूला बांधून ते खांद्यावर वाहून आणणाऱ्या गावकऱ्यांचे क्वचितच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा तो अध्याय मिटला. पण ज्याची शिकार त्याचेच ओझे असा जेथे रिवाज आहे, तेथे पाठीचा प्रश्न सुटलेला नाही.

हा प्रश्न फार जुना आहे. १९ सप्टेंबर १९९१ रोजी इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात ३२१० मीटर उंचीवर, बर्फात एका माणसाचे प्रेत सापडले. पुढे कळले, की तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वी मेला होता. 'ओत्झी' या नावाने तो आज जगाला ठाऊक आहे. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, बाण होते. आणि इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली हेझलची काठी व लार्च लाकडाच्या दोन फळ्या होत्या. काहींना तो बर्फातल्या पादत्राणाचा भाग वाटतो. परंतु पुष्कळ संशोधक ती पाठीवर ओझे बांधण्याची चौकट मानतात. त्याच्या पोटात रानबोकडाचे आणि सांबराच्या जातीच्या हरणाचे मांस होते, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. एक काठी, दोन फळ्या आणि दोरी. रानात फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून त्या गृहस्थाने आपली सोय केली होती.

दुसरा मार्ग ओझेच हलके करण्याचा. ताज्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी रानरेड्याचे मांस वाळवून कुटीत आणि त्यात चरबी मिसळून 'पेमिकन' करीत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत कातड्यांच्या व्यापाऱ्यांचे नावाडी त्यावर जगत. दोन नद्यांमधली जमिनीवरची वाट आली, की नव्वद नव्वद पौंडांची दोन गाठोडी एकेक नावाडी पाठीवर घेई. त्यांचा भार कपाळावरून घेतलेल्या रुंद चामडी पट्ट्यावर असे. नेपाळातले भारवाहक आजही तसाच पट्टा वापरतात. त्याला ते 'नाम्लो' म्हणतात. मूसचे मांस रानात वाळवीत बसण्यास आज कोणास सवड नाही. परंतु जेथे नियम आड येत नाही तेथे हाडे काढून मांस आणले, तर ओझे पुष्कळ उतरते आणि त्याला एक पैसा पडत नाही.

तिसरी गोष्ट लॉइड नेल्सन याची. १९२० च्या सुमारास अलास्कात फिरताना त्याने एका मूळ रहिवाशाकडून पाठीवरची चौकट मागून घेतली, असे सांगतात. काठ्यांवर सीलचे कातडे ताणलेली ती चौकट त्याच्या पाठीला टोचली. पण कल्पना मनात रुजली. त्याने लाकडी चौकटीवर जाड कापड ताणून बसवले, म्हणजे पाठीला लाकूड लागेना. १९२४ साली त्यास पेटंट मिळाले. 'ट्रॅपर नेल्सन' या नावाने ती चौकट शिकारी, वनरक्षक आणि बालवीर यांच्या पाठीवर पुढे अनेक वर्षे दिसत राहिली.

लाकडाची जागा ॲल्युमिनियमने घेतली ती कॅलिफोर्नियात. १९५२ साली डिक केल्टी याने घरीच सॅक बनवण्यास आरंभ केला. चौकटी तो करी, पिशव्या त्याची पत्नी नीना शिवी. पहिल्या वर्षी २४ डॉलरला एक अशा २९ सॅक विकल्या गेल्या. केल्टीचे मोठे काम कमरपट्ट्याचे. खांद्यावरचा भार त्याने कंबरेच्या हाडांवर उतरवला. पाय बळकट असतात; त्यांच्यापर्यंत भार पोचवला, की मान मोकळी होते. पुढे १९७३ साली अमेरिकन लष्कराने चौकट वेगळी आणि पिशवी वेगळी अशी 'ॲलिस' नावाची सॅक स्वीकारली. लष्कराने काढून टाकलेल्या या सॅक बाजारात आल्या आणि बेताच्या मिळकतीच्या शिकाऱ्यांचे फावले.

एवढे धुंडाळल्यावर मी भाच्यास फोन केला. "पिशवीवर पैसे घालू नकोस," मी म्हणालो. "मांस सुती पिशव्यांत बांध, उशीचे जुने अभ्रेसुद्धा चालतात. त्यांतून वारा खेळतो आणि मांस निवते. प्लॅस्टिकमध्ये कोंडलेस तर नासेल. जुनी चौकट घे, मात्र जोड तपासून घे. ओझे पाठीला चिकटून, खांद्यांच्या फऱ्यांजवळ बांध. खाली लोंबू देऊ नकोस. पण जे अंगाला लागते, ते खांद्याचे पट्टे आणि कमरपट्टा, तेथे कंजुषी करू नकोस. आणि आधी तांदळाची पोती बांधून जिने चढून पाहा."

तो हसला. "मामा, हे सगळे पुस्तकांतून?"

सगळे पुस्तकांतून नव्हते. माझी आई रानातून सरपणाची मोळी आणी. डोक्यावर मोळीखाली जुन्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ असे. मी सात-आठ वर्षांचा असेन. एकदा खेळता खेळता ती चुंबळ मी ओढ्यात फेकली आणि ती वाहून गेली. त्या दिवशी आई पदराची घडी डोक्यावर ठेवून मोळी घेऊन आली. घडी वाटेत सरकत राहिली. मोळी रोजचीच, वाटही रोजचीच. पण रात्री तिला मान वळवता येईना. ती मला रागावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांआधी तिने नवी चुंबळ वळली आणि मगच चूल पेटवली.

भाच्याला मी हे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. आठ दिवसांनी त्याचा निरोप आला: जुनी लष्करी चौकट मिळाली, वाचलेल्या पैशांत जाड कमरपट्टा बसवून घेतला, तीस किलो तांदूळ बांधून रोज जिना चढतो आहे, मान ठीक आहे.