नीटचा इतिहास : ७१९ मार्क आले कुठून?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. विषय आहे नीट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची देशभरातली एकच परीक्षा. मराठीत 'नीट' म्हणजे व्यवस्थित. यावरचे विनोद तुम्ही ऐकले असतीलच, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

आधी एक साधं गणित. १८० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं तर वजा १, सोडलं तर शून्य. सगळं बरोबर आलं तर ७२०. एक प्रश्न सोडला तर ७१६. एक चुकला तर ७१५. म्हणजे ७१६ आणि ७२० यांच्यामध्ये कुठलाच आकडा येऊ शकत नाही. बरोबर?

४ जून २०२४. लोकसभेच्या निकालाचा दिवस. अख्खा देश टीव्हीसमोर बसून जागा मोजत होता आणि त्याच दिवशी नीटचा निकाल जाहीर झाला, ठरलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी. मुलं एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवायला लागली. त्यात कुणाला ७१८ होते, कुणाला ७१९.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जो आकडा येऊच शकत नाही तो स्क्रीनवर आला, की आम्ही एकच अर्थ काढतो : मधे कुणीतरी हाताने काहीतरी बदललंय. इथेही तेच झालं होतं. कुणी आणि का, ते पुढे सांगतो. पण त्याआधी ही परीक्षा आली कुठून ते बघू, कारण २०२४ चा गोंधळ एका दिवसात तयार झालेला नाही.

सगळं सुरू झालं कोर्टात

१९८४ साली सुप्रीम कोर्टात डॉ. प्रदीप जैन खटल्याचा निकाल लागला. तेव्हा प्रत्येक राज्य आपल्या मेडिकल कॉलेजच्या जागा आपल्याच मुलांसाठी राखून ठेवायचं. कोर्टाने सांगितलं, काही जागा तरी देशभरातल्या मुलांसाठी खुल्या ठेवा. किती? यावर पुन्हा खल झाला आणि १९८६ च्या दिनेश कुमार खटल्यात एमबीबीएससाठी १५ टक्के हे प्रमाण ठरलं. या १५ टक्क्यांसाठी १९८८ पासून सीबीएसईने एक परीक्षा घ्यायला सुरुवात केली. तीच एआयपीएमटी, आजच्या नीटची आई. बाकीच्या ८५ टक्के जागा राज्यांकडे राहिल्या.

दुसऱ्या बाजूला खासगी कॉलेजं वाढत होती. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या जागा वाढल्या आणि सोबत 'डोनेशन' हा शब्द घराघरात पोचला. १९८७ मध्ये राज्याने कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा केला. कायदा आला तरी पद्धत काही गेली नाही.

तेव्हाच्या फीमधला फरक किती होता? १९९२ चा मोहिनी जैन खटला कर्नाटकातला आहे. तिथल्या खासगी मेडिकल कॉलेजात सरकारी कोट्यातल्या मुलाला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतर मुलांना २५,००० आणि राज्याबाहेरच्यांना ६०,००० रुपये फी होती. वर्ग एकच, शिक्षक तेच, शेवटी मिळणारी डिग्री तीच. त्यानंतर १९९३ चा उन्नीकृष्णन खटला, २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींसमोरचा टीएमए पै खटला आणि २००५ मध्ये आपल्या महाराष्ट्रातला पी. ए. इनामदार खटला. प्रश्न प्रत्येक वेळी तोच : खासगी कॉलेजात कोणाला घ्यायचं ते कोण ठरवणार, आणि फी किती?

दरम्यान मुलांची दमछाक चालू होती. राज्याची सीईटी वेगळी, केंद्राची वेगळी, खासगी कॉलेजांच्या संघटनांची वेगळी, अभिमत विद्यापीठांची आणखी वेगळी. प्रत्येकाचा फॉर्म, प्रत्येकाची फी, प्रत्येकासाठी प्रवास. 'एकच परीक्षा घ्या' ही मागणी अशी जमिनीवरून आलेली होती. आज नीटला नावं ठेवताना आपण हे विसरतो.

आली, गेली, परत आली

एप्रिल २०१० मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या अध्यक्षांना सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली. सरकारने कौन्सिल बरखास्त करून संचालक मंडळ बसवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नीटची अधिसूचना निघाली. पहिली नीट झाली ५ मे २०१३ ला.

आणि अडीच महिन्यांत ती रद्दही झाली. १८ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की अशी परीक्षा सक्तीची करण्याचा अधिकार मेडिकल कौन्सिलला नाही. सरन्यायाधीश अल्तमस कबीर यांचा तो कोर्टातला शेवटचा दिवस. न्या. अनिल दवे यांनी विरोधी मत लिहिलं आणि वेळेअभावी तिघांमध्ये चर्चाच झाली नाही, हेही त्यात नोंदवलं. ११ एप्रिल २०१६ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल मागे घेतला. त्या पीठाचे प्रमुख होते न्या. दवे.

आता २०१६ चं महाराष्ट्रातलं दृश्य बघा, कारण त्या वर्षी मी परभणीत बारावीला होतो. इंजिनिअरिंग आणि मेडिकल, दोन्हींसाठी ५ मे ला एकच सीईटी होती. फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर सगळ्यांना सारखा, मग मी गणिताला आणि बायोलॉजीवाले मित्र त्यांच्या पेपरला. २८ एप्रिलला, म्हणजे सीईटीला एक आठवडा असताना, सुप्रीम कोर्टाने आदेश दिला : यंदापासूनच नीट. पहिला टप्पा १ मे, दुसरा २४ जुलै. माझा बेंचवरचा मित्र दोन वर्षं स्टेट बोर्डाची पुस्तकं पाठ करत होता. त्याच्या बाबांनी दुसऱ्या दिवशी एनसीईआरटीचे संच शोधायला अख्खं शहर पालथं घातलं. एकाच दुकानात मिळाले, तेही हिंदीतले.

पालक रस्त्यावर आले. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी केंद्राकडे सवलत मागितली. २४ मे ला राष्ट्रपतींनी अध्यादेशावर सही केली आणि राज्यांच्या सरकारी जागांना त्या वर्षापुरती सूट मिळाली. म्हणजे महिन्याभरात नियम दोनदा फिरला. मी मात्र निवांत होतो, कारण माझा ग्रुप वेगळा होता. एकाच वर्गात, एकाच बेंचवर, एकाचं आयुष्य दिल्लीतल्या तारखांवर टांगलेलं आणि दुसऱ्याचं नाही. नीटचा इतिहास वाचायची माझी सुरुवात तिथून झाली. ऑगस्ट २०१६ मध्ये संसदेने कायदा बदलून नीट पक्की केली आणि २०१७ पासून आपल्याकडेही मेडिकलसाठी सीईटी संपली.

हाफ बाही आणि चप्पल

नीटला जाताना हाफ बाहीचे कपडे आणि चप्पल का? हा नियम २०१५ मधून आलाय. ३ मे २०१५ च्या एआयपीएमटीत कपड्यांत लपवलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांवरून उत्तरं पोचवली जात होती. हरियाणात रोहतक पोलिसांनी हे रॅकेट पकडलं. लाभ घेतलेले ४४ जण तेव्हा निष्पन्न झाले होते, आणि परीक्षेला सहा लाखांहून जास्त मुलं बसली होती. कोर्टाने १५ जूनला पूर्ण परीक्षा रद्द केली आणि २५ जुलैला फेरपरीक्षा झाली, कडक ड्रेसकोड लावून. तेव्हापासून धातूचं बटण, ओढणी, कानातलं, सगळं संशयित.

त्याच काळात मध्य प्रदेशातलं व्यापमं प्रकरण उघडं पडलं होतं. तिथे डमी उमेदवार बसवून मेडिकलचे प्रवेश विकले गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६३४ जणांचे प्रवेश रद्द ठरवले. राज्याच्या परीक्षा विश्वासार्ह नाहीत, या युक्तिवादाला याहून मोठा पुरावा कुठला हवा होता?

तामिळनाडूचा प्रश्न

तामिळनाडूची तक्रार पेपरफुटीची नव्हती. तिथे २००७ पासून प्रवेश परीक्षाच नव्हती, बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळायचा. २०१७ मध्ये सूट संपली. अरियालूर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलीला बारावीत १२०० पैकी ११७६ मार्क होते. जुन्या पद्धतीत ती नक्की डॉक्टर झाली असती. नीटमध्ये मात्र तिचा नंबर लागला नाही. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. कोर्टाने नीटनुसारच प्रवेश द्यायला सांगितलं, आणि १ सप्टेंबरला तिने आयुष्य संपवलं.

पुढच्या वर्षी तमिळ पेपरच्या भाषांतरात ४९ प्रश्नांमध्ये चुका निघाल्या. मद्रास हायकोर्टाच्या मदुराई पीठाने १९६ मार्क द्यायला सांगितले, सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. न्या. ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये आकडेवारी मांडली, की नीटनंतर तमिळ माध्यमातल्या, स्टेट बोर्डाच्या आणि ग्रामीण मुलांचं मेडिकलमधलं प्रमाण घटलंय. पेपर अजिबात फुटला नाही तरी हा प्रश्न उरतोच, आणि तो लातूर-नांदेडच्या क्लासेसच्या गल्लीत उभं राहिलं की आपल्यालाही दिसतो. एकेकाळी 'लातूर पॅटर्न' म्हणजे बोर्डाची मेरिट लिस्ट. आज तिथे मुलं येतात ती नीटसाठी, खोली भाड्याने घेऊन, क्लासची फी भरून. ज्याला ते परवडत नाही, तो तीच परीक्षा देतो, तेच मार्क मागतो.

आणि मग २०२४

आता ७१९ वर येऊ. ५ मे २०२४ ला २३ लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली. आता परीक्षा घेत होती एनटीए, म्हणजे २०१९ पासून सीबीएसईच्या जागी आलेली संस्था. पेपरचे दोन संच होते, एक स्टेट बँकेत, एक कॅनरा बँकेत. काही केंद्रांवर चुकीचा संच वाटला गेला, वेळ वाया गेला. भरपाई म्हणून १,५६३ मुलांना वाढीव मार्क दिले गेले. सूत्र कुठलं? २०१८ च्या क्लॅट या लॉच्या परीक्षेसाठी कोर्टाने मान्य केलेलं. ती परीक्षा कॉम्प्युटरवरची होती, कुणाचे किती सेकंद गेले ते तिथे मोजता येत होतं. कागदावरच्या परीक्षेला तेच सूत्र लावलं आणि न येणारे आकडे आले. कुणाला आधी सांगितलं नव्हतं. मुलांनी स्क्रीनशॉट पाहून ते शोधून काढलं.

वाढीव मार्क रद्द झाले, २३ जूनला फेरपरीक्षा झाली, १,५६३ पैकी ८१३ जण आले. आधी ७२० मिळवणारे ६७ होते, ते ६१ वर आले. त्यातले ४४ जण फिजिक्सच्या एका प्रश्नामुळे ७२० ला पोचले होते. एनसीईआरटीच्या जुन्या आणि नव्या पुस्तकात उत्तर वेगळं पडत होतं, म्हणून दोन्ही उत्तरं धरली होती. आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि शेवटी उरले १७.

पेपरफुटीचा भाग वेगळा. पाटण्यात पोलिसांना प्रश्नपत्रिकेचे जळके तुकडे सापडले. सीबीआयच्या तपासानुसार परीक्षेच्या सकाळी हजारीबागमध्ये पेटीतून पेपर काढला गेला. आपल्याकडे लातूरमध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. २३ जुलैला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, फूट झाली हे खरं, पण ती देशभर पसरली असं दाखवणारा पुरावा नाही, त्यामुळे सगळी परीक्षा रद्द होणार नाही. लाभ घेतलेले साधारण १५५ जण. इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीकडे सुधारणांचं काम गेलं.

२०१५ मध्ये ४४ जणांमुळे पूर्ण परीक्षा रद्द, २०२४ मध्ये १५५ जण सापडूनही कायम. कोर्टाची कारणं दोन्ही वेळी वेगळी होती आणि ती समजून घेता येतात. पण २३ लाख मुलांची परीक्षा पुन्हा घेणंच जवळजवळ अशक्य होऊन बसलंय, हेही त्यात दिसतं. आमच्या कामात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात : सगळा भार एका खांबावर, आणि तो हलला की सगळंच हलतं.

माझं मत

या चाळीस वर्षांत प्रत्येक वेळी कुणावरचा तरी विश्वास उडाला. आधी राज्यांवरचा, मग खासगी कॉलेजांवरचा, मग मेडिकल कौन्सिलवरचा, मग सीबीएसईवरचा. दर वेळी आपण चावी आणखी वरच्या माणसाकडे दिली. आता एनटीएच्या वर कुणी उरलेलं नाही.

मग नीट बंद करावी का? मला नाही वाटत. व्यापमं आणि डोनेशनच्या दिवसांत परत जायचं नाहीये. पण परीक्षेने जे काम होऊच शकत नाही, ते आपण तिच्याकडून मागतोय. २०२४ मध्ये एमबीबीएसच्या जागा होत्या साधारण १ लाख ८ हजार. त्यातल्या सरकारी सुमारे ५६ हजार. आणि नीटमध्ये 'पात्र' ठरले १३ लाखांहून जास्त, कारण खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल पुरतं. सरकारी जागा वरच्या रँकमध्ये संपतात. त्यानंतर खासगी आणि अभिमत विद्यापीठांच्या जागांसाठी यादी खाली खाली सरकते आणि तिथे रँकपेक्षा वडिलांची ऐपत ठरवते. डोनेशन टेबलाखालून जायचं, आता फी पावतीसकट जाते. २०२३ मध्ये तर पीजीच्या जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली होती. म्हणजे परीक्षेला बसलात, की पात्र.

मोहिनी जैन खटल्यातला २,००० विरुद्ध ६०,००० चा प्रश्न अजून तसाच आहे, आकडे फक्त वाढलेत. पेपर सुरक्षित ठेवणं एनटीएचं काम आहे आणि ते तिने करायलाच हवं. पण सरकारी जागा किती आणि खासगी फी किती, हे सरकार ठरवतं. पुढच्या वेळी नीटवरून गदारोळ झाला, तर टीव्हीवर पेपर कुणी फोडला एवढंच विचारतील. तुम्ही हा दुसरा प्रश्नही विचारा.

तुमच्या घरात कुणी मेडिकलला गेलं असेल, किंवा जाता जाता राहिलं असेल, तर त्यांना वर्ष विचारा आणि त्या वर्षी नियम काय होता ते विचारा. दर दोन-चार वर्षांनी उत्तर बदलतं. ते मला व्हॉइस मेसेज करून पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही ऐकवतो. तोपर्यंत, भेटू!