उलटलेली वाहिनी

एकाच स्पीकरवर गाणं ऐकत असाल, तर अ‍ॅनालॉग फिल्टरने सिग्नल उलटा केला काय नि सुलटा ठेवला काय, कानाला सहसा पत्ता लागत नाही. पंचाईत होते ती शेजारी दुसरी वाहिनी आल्यावर. हे पुस्तक त्या शेजाराविषयी आहे.

समजा, डाव्या वाहिनीत सॅलन-की फिल्टर आहे आणि उजवीत मल्टिपल-फीडबॅक. दोन्हींचा कटऑफ १ किलोहर्ट्झ; पातळीचे आलेख रेघेवर रेघ बसावेत इतके सारखे. पण दुसऱ्या मांडणीत सिग्नल ऑप-अँपच्या इन्व्हर्टिंग टोकाकडून जातो, म्हणून उलटून बाहेर पडतो. हेडफोनवर मधोमध असायला हवी ती गायिका नेमकी कुठे आहे, तेच कळत नाही. दोन्ही वाहिन्या मिसळून मोनो केलं, तर ती जवळपास गायबच. उरतं ते डावी-उजवीत वेगळं असलेलं, म्हणजे बहुधा तिच्या आवाजाचा घुमारा. पातळी मोजणाऱ्याला मात्र दोन्ही फिल्टर निर्दोष!

इथे एक गल्लत नेहमी होते. पोलॅरिटी उलटली की सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम उलटतात. फिल्टरमुळे सरकणारा फेज फ्रिक्वेन्सीगणिक बदलतो. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर असा लो-पास कटऑफला ४५ अंश मागे पडतो. एका वाहिनीतला कपॅसिटर १० टक्के जास्त आणि दुसरीतला तेवढाच कमी निघाला, तर तिथे दोघांत पावणेसहा अंशांचा फरक पडतो. तारा उलटसुलट जोडून तो जाणार नाही.

फेजला केवळ दोष मानणं मला पटत नाही. लंडनच्या ईएमआयमधल्या अ‍ॅलन ब्लमलाइनने डिसेंबर १९३१मध्ये स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला, त्यात त्याने फेज कामाला लावला होता. जवळजवळ ठेवलेल्या दोन मायक्रोफोनच्या सिग्नलांत खालच्या फ्रिक्वेन्सींना फरक पडतो तो मुख्यतः फेजचा. त्याने दोन सिग्नलांची बेरीज आणि वजाबाकी वेगळी केली, वजाबाकी फिल्टरमधून नेली आणि पुन्हा जोडली. फेजचा फरक पातळीचा झाला, म्हणजे स्पीकरवर दिशा कळू लागली. दुसऱ्या ऑर्डरच्या लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हरमध्ये तर ट्वीटर मुद्दाम उलटा जोडतात, नाहीतर क्रॉसओव्हरच्या जागी आवाजात खड्डा पडतो.

गणिताची धास्ती नको. पहिली दोन प्रकरणं बेरीज-वजाबाकीवर भागतात. ऑसिलोस्कोप असेल तर तो एक्स-वायवर ठेवा: डावी वाहिनी आडवी, उजवी उभी. रेघ उजवीकडे चढली तर सिग्नल सुलट, डावीकडे चढली तर उलट, आणि लंबगोल दिसला तर तिसरं प्रकरण उघडा.