पेनीची वही आणि सुईदोरा

बेंगळुरूत डिसेंबर उजाडला की कॅन्टोन्मेंटकडच्या चर्चच्या आवारांत टेबलं मांडली जातात. क्रोशाचे रुमाल, तान्ह्या बाळांची लोकरी टोपडी, भरतकामाचे अभ्रे, एप्रन, कापडी पिशव्या. शेजारी लोणच्याच्या बाटल्या आणि नाताळच्या फराळातल्या कलकल, रोझ कुकीजची पाकिटं. टेबलामागच्या बायकांची ओळख जुनी असते, कारण वर्षभर त्या ठरल्या वारी भेटतात. बायबलचा एखादा उतारा, प्रार्थना, मग हाताला काम आणि तोंडाला गप्पा. चर्च ऑफ साउथ इंडियात, म्हणजे सीएसआयमध्ये, या गटाला विमेन्स फेलोशिप म्हणतात. मराठी मंडळ्यांत हेच भगिनी मंडळ किंवा महिला मंडळ.

पाहणाऱ्याला वाटतं, बायका भक्तीसाठी जमल्या आणि हात रिकामे नकोत म्हणून विणायला लागल्या. या प्रथेचं कूळ शोधत गेलं की क्रम उलटा निघतो. आधी आलं कर्ज, मग वर्गणी, मग काम. स्नेह जुळला तो त्यानंतर.

कर्ज होतं ब्रिस्टॉलचं. मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली याने १७३९ मध्ये त्या बंदराच्या गावात ‘न्यू रूम’ नावाचं प्रार्थनाघर बांधायला घेतलं आणि डोक्यावर देणं करून ठेवलं. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ते फेडायचं कसं यावर खल चालला होता. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. अनेकांना तेवढंही परवडणार नाही, अशी हरकत लगेच आली. फॉय म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्या वाट्याला द्या; त्यांना जमलं तर उत्तम, नाही तर त्यांची पेनी मी भरीन. मग बाकीच्यांनीही आपापल्या शेजारपाजारचे अकरा जण घेतले आणि दर आठवड्याला दारोदार वसुली सुरू झाली.

वसुलीला जाणारे पेनीबरोबर खबरीही आणू लागले. अमका पुन्हा प्यायला लागलाय, तमक्याच्या घरी भांडण पेटलंय, कोणी आजारी आहे. वेस्लीला एवढ्या माणसांची विचारपूस करण्याची सोय हवीच होती, ती अशी आयती हाती आली. पण घरोघर जाणं अडचणीचं ठरलं. जे नोकरीला होते त्यांच्या मालकांना ही ये-जा खपेना, आणि कित्येकांच्या घरी चार शब्द एकांतात बोलायला कोपराही नव्हता. तेव्हा बाराही जणांनी एके ठिकाणी जमायचं ठरलं. हा मेथडिस्टांचा ‘क्लास’. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे हजेरी आणि वर्गणीची नोंद व्हायची. दर तिमाहीला नवं तिकीट मिळायचं, आणि ज्याची वागणूक ढळली त्याचं तिकीट अडायचं. आपल्याकडच्या भिशीला कोणी प्रार्थना आणि चौकशी जोडून दिली, तर जे तयार होईल ते हेच. यातले पुष्कळ क्लास बायका चालवत. व्यासपीठावरून प्रवचन देणारी बाई त्या काळात भुवया उंचावायला लावायची; वही सांभाळणाऱ्या बाईला मात्र कोणाची आडकाठी नव्हती. या प्रथेतला हा धागा पुढे बराच लांबपर्यंत जातो.

दुसरं कूळ सुईचं. बायबलच्या नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात, यापो गावच्या टबीथाची गोष्ट येते. ग्रीकमध्ये तिचं नाव डॉर्कस. ती गोरगरिबांसाठी कपडे शिवायची. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा रडत रडत प्रेषित पेत्राला तिने शिवलेले अंगरखे दाखवू लागल्या आणि पेत्राने तिला उठवलं. एकोणिसाव्या शतकात गरिबांसाठी शिवणकाम करणाऱ्या मंडळांनी हे नाव उचललं. आइल ऑफ मॅनमधल्या डग्लस गावाची डॉर्कस सोसायटी १८३४ ची. गाव पटकीतून वाचलं म्हणून कृतज्ञतेने काढलेली. पण न्यूयॉर्कमध्ये १८२८ सालीच आफ्रिकन डॉर्कस असोसिएशन उभी राहिली होती. अंगावर धड कपडे नाहीत म्हणून कृष्णवर्णीयांची मुलं शाळेत येत नाहीत, हे पाहून त्याच समाजातल्या बायकांनी ती चालवली. दोन्हींत ही दुसरी गोष्ट अधिक सांगण्यासारखी आहे, कारण तिथे दानही आपल्यातलं होतं आणि गरजही आपल्यातलीच.

सुईच का? कारण सुई घेऊन बसलेल्या बाईला कोणी रिकामटेकडी म्हणत नाही. चार घरच्या चौघी एकत्र बसल्या, त्यांनी मिशनरींची पत्रं मोठ्याने वाचली, पैसे मोजले, ठराव केले, तरी घरच्यांच्या लेखी त्या शिवत होत्या. नवऱ्याच्या खिशाला हात न लावता पैसा उभा करण्याचा हा मार्ग होता. त्यात जुलूमही चालायचा. इंग्लंडच्या गावांत मिशनरी कामासाठी हस्तकलेच्या वस्तूंनी भरलेली टोपली महिना-महिनाभर एकेका घरी फिरे आणि टाचण्यांच्या गाद्या, बाळमोजे अशा वस्तू चढ्या भावाने तिथल्या पुरुषांच्या गळ्यात पडत. शार्लट ब्राँटेने ‘शर्ली’ या १८४९ च्या कादंबरीत या टोपलीची मनसोक्त टर उडवली आहे.

ही दोन्ही कुळं बेंगळुरूला आली ती छावणीच्या मागोमाग. १८०९ मध्ये ब्रिटिश फौज श्रीरंगपट्टणहून इथे हलली. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे लोक आले, त्यांच्या पाठोपाठ वेस्लियन मेथडिस्ट. लंडन मिशनचे बेंजामिन राइस १८३७ मध्ये आले आणि अखेरपर्यंत इथेच राहिले. ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ सिद्ध करणारे बी. लुईस राइस हे त्यांचे चिरंजीव. राइसबाई आणि इतर मिशनरींच्या बायकांनी पेठेत कन्नड मुलींच्या शाळा काढल्या. मुलींच्या मिशन शाळांत तेव्हा वाचनाच्या बरोबरीने सुई यायचीच. नगरला सिंथिया फरार यांची शाळा होती, जी पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेने घर केलं. तिथेही शिवण होतं. परदेशातल्या डॉर्कस मंडळांकडून हस्तकलेच्या वस्तूंचे खोके येत, ते छावणीतल्या गोऱ्या मंडळींना विकले जात आणि त्यातून शाळांचा खर्च भागे. डिसेंबरातल्या टेबलांचा पूर्वज हा विक्रीमेळा. ‘सेल ऑफ वर्क’ हे त्याचं जुनं नाव चर्चच्या वर्तुळात अजून कानावर येतं.

पण खोके जिथून यायचे तिकडे इथूनही माल जाऊ लागला. त्रावणकोरात नागरकोइलला मार्था मॉल्ट यांनी १८२० च्या दशकात मुलींना लेस शिकवली. उशीवरची लेस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. भोकं पाडलेला नमुना घट्ट गोल उशीवर ताणून बसवायचा, भोकाभोकांत टाचण्या रोवायच्या, बारक्या लाकडी काड्यांवर दोरा गुंडाळून त्या जोडीजोडीने टाचण्यांभोवती ओलांडत, पिळत न्यायच्या. बोटभर पट्टी उतरायला तास जातात. त्रावणकोरात गुलामगिरी १८५५ पर्यंत कायदेशीर होती, आणि गुलाम म्हणून जन्मलेल्या काही मुलींनी याच लेसच्या कमाईतून आपली सुटका विकत घेतली. चर्चमधल्या हस्तकलेच्या इतिहासात यापेक्षा मोठा हिशेब सापडणं कठीण.

त्याची दुसरी बाजू गोदावरीच्या मुखाशी नरसापूरला दिसते. तिथेही मिशनऱ्यांनीच क्रोशाची लेस आणली; पुढे ती व्यापाऱ्यांच्या हाती गेली. मारिया मीस या जर्मन अभ्यासकाने १९८२ च्या पुस्तकात दाखवून दिलं, की घरबसल्या तासन्‌तास विणणाऱ्या बायकांना कामगार धरलंच जात नव्हतं. त्या फावल्या वेळात विणतात, असं म्हटलं की मजुरी नाममात्र ठेवता यायची. सुई हाती असलेल्या बाईला कोणी रिकामटेकडी म्हणत नाही हे खरं; तिला मजूरही म्हणत नाहीत, हेही तितकंच खरं.

पेनीच्या वहीचं अमेरिकी रूप मराठी वाचकाच्या जास्त ओळखीचं निघेल. १८६९ मध्ये बॉस्टनच्या मेथडिस्ट बायकांनी स्वतःची मिशनरी सोसायटी काढली, आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना एवढ्या बोलीवर. त्या पैशावर इसाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन हिंदुस्थानात आल्या. त्याच बॉस्टनमध्ये डिसेंबर १८८७ मध्ये पंडिता रमाबाईंच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ निघाली. सभासदाने दहा वर्षं दरवर्षी किमान एक डॉलर द्यायचा. अध्यक्ष होते युनिटेरियन पाळक एडवर्ड एव्हरेट हेल. सभासद मात्र पंथापंथांतून आले होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंचं शारदा सदन उघडलं ते या चिल्लरीवर. पुढे त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विणकाम, शिवण, छपाई हे सगळं आलं. पण तिथे काम करणारी आणि कामाची फळं घेणारी बाई एकच होती. बॉस्टनच्या बैठकीपेक्षा हा नमुना निराळा.

इंग्लंडात मात्र वर्गणीसाठी नाही, तर सल्ला देण्याच्या हेतूने एक मंडळ निघालं. १८७६ मध्ये हॅम्पशरमधल्या ओल्ड ऑल्रसफर्डच्या पाळकाच्या पत्नी मेरी समनर यांनी गावच्या आयांना बोलावलं. आयत्या वेळी त्यांचं धैर्य गळालं आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ असं सांगून त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. यातून उभी राहिलेली मदर्स युनियन अँग्लिकन जगभर पसरली. घटस्फोटितांना तिचं दार १९७० च्या दशकापर्यंत बंद होतं, ही गोष्ट स्मारिकांमध्ये सहसा छापली जात नाही.

पुरुषांचं काय? त्यांच्या मंडळाचा उगमही, गंमत म्हणजे, कापडाच्या दुकानातला. जॉर्ज विल्यम्स हा लंडनच्या एका कापडाच्या पेढीतला नोकर. ६ जून १८४४ रोजी त्याने सोबत्यांना घेऊन वायएमसीए काढली. दिवसभर गज मोजणाऱ्या त्या पोरांनी संध्याकाळी सुई मात्र हाती घेतली नाही. चर्चमधल्या मेन्स फेलोशिपने आजवर तो शिरस्ता मोडलेला नाही.

२७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये सीएसआयची स्थापना झाली आणि बेंगळुरूची निरनिराळ्या घराण्यांची चर्चं एका छताखाली आली. सेंट मार्क्स कॅथीड्रल अँग्लिकन, हडसन मेमोरियल वेस्लियन, अव्हेन्यू रोडचं राइस मेमोरियल लंडन मिशनचं. प्रत्येकाच्या बायकांची रीत वेगळी, भाषा वेगळी, कोणाची कन्नड, कोणाची तमिळ, कोणाची इंग्रजी. पंथांचं एकत्रीकरण धर्मपंडितांनी अनेक वर्षं वाटाघाटी करून कागदावर आणलं. ते रुजवण्याचं काम विमेन्स फेलोशिपकडे आलं, आणि तिथे पुन्हा जुनीच साधनं उपयोगी पडली. शब्द न कळणाऱ्या शेजारणीला टाका दाखवता येतो. इन्फंट्री रोडवर सीएसआयच्या सिस्टर्सचं विश्रांती निलयम उभं राहिलं आणि निरनिराळ्या गावच्या बायकांना शहरात एकत्र राहायला हक्काची जागा मिळाली.

सीएसआयमध्ये पाळकपदाची दीक्षा पहिल्या स्त्रीला, एलिझाबेथ पॉल यांना, मिळाली ती १९७६ मध्ये. पहिल्या स्त्री बिशप, ई. पुष्पा ललिता, २०१३ मध्ये नंद्यालला झाल्या. तोवरच्या पिढ्यांना चर्चमध्ये अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार अशी पदं भूषवायला मिळाली ती आपल्याच मंडळात. सभा कशी चालवायची, इतिवृत्त कसं लिहायचं, जमाखर्च कसा मांडायचा आणि बिशपच्या सभेत तो कसा वाचून दाखवायचा, हे तिथेच शिकता आलं.

आता बाळाचं टोपडं बाजारात विणायच्या लोकरीपेक्षा स्वस्त मिळतं. टेबलावरच्या वस्तूंचं अर्थकारण त्यामुळे पार बदललंय. लोणच्याच्या बाटल्या आणि कलकलची पाकिटं आधी संपतात, क्रोशाचे रुमाल मागे उरतात. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यावर दरवर्षी चर्चा होते. सुईकाम बंद करावं का, असा विषय निघाला की ज्येष्ठ सभासद विरोधात मत देतात, आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा लोकर वाटली जाते.